वॅक्सचा नवा थर देण्यापूर्वी दर वेळी क्ले आणि पेंट क्लीनर वापरणे योग्य आहे का?

कर्वेनगरकर

नमस्कार. माझ्याकडे २०२१ साली घेतलेली गडद निळ्या रंगाची सेडान आहे. ती इमारतीच्या आवारात एका गुलमोहराखाली उघड्यावर उभी असते आणि आमच्याकडे बहुतेक दिवस टँकरचे किंवा बोअरचे पाणी असते. गाडी घेतल्यापासून मी दर दोन महिन्यांनी स्वतःच्या हाताने कार्नोबा वॅक्स (एका ताडाच्या पानांपासून मिळणारे मेण) लावत आलो आहे. पहिली काही वर्षे मी शाम्पूने गाडी धुऊन, कोरडी करून त्यावर लगेच वॅक्स लावत असे. मागील वर्षी एका डिटेलिंगच्या दुकानात मला असे सांगण्यात आले की, जुना थर पूर्णपणे काढल्याशिवाय नवा थर रंगाला धरत नाही, म्हणून दर वेळी आधी क्ले बार (रंगाला चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ, मातीसारखी वडी) फिरवावा, त्यानंतर पेंट क्लीनरने संपूर्ण गाडी घासून पुसावी आणि मगच वॅक्स लावावे.

त्यानुसार मी वर्षभरात हा संपूर्ण क्रम सहा वेळा केला. गाडी चमकते यात शंका नाही, परंतु आता सकाळच्या तिरप्या उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोलाकार रेषा दिसू लागल्या आहेत, ज्या पूर्वी नव्हत्या. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. वॅक्सचा थर पुन्हा देण्यापूर्वी रंगाची अशी सफाई नेमकी किती वेळा करावी? आणि सहा वेळा केल्यामुळे रंगाचे काही कायमचे नुकसान झाले असेल का? ही गाडी मला आणखी दहा वर्षे तरी वापरायची आहे.


रंगखोली

आपण प्रश्न वेळेवर विचारलात. मी पिंपरी-चिंचवड परिसरात २२ वर्षे गाड्यांच्या रंगकामात होतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी हे लक्षात घ्यावे की, ‘रंग स्वच्छ करणे’ या एका शब्दप्रयोगाखाली तीन वेगवेगळी कामे मोडतात आणि दुकानदार ती एकाच दमात सांगतो, म्हणून गोंधळ होतो. पहिले काम धुण्याचे, म्हणजे शाम्पू आणि पाण्याने सुटी धूळ, चिखल आणि रहदारीतला तेलकट मेणचटपणा काढण्याचे. दुसरे काम रंगाला चिकटून बसलेले कण सोडवण्याचे, जे धुऊन जात नाहीत, उदाहरणार्थ ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे कण, डांबराचे ठिपके, झाडाचा चीक, शेजारच्या इमारतीला रंग देताना उडालेले शिंतोडे. क्ले बार या कामासाठी असतो. तिसरे काम मात्र पूर्णपणे वेगळे आहे. त्यात रंगाचाच वरचा अतिशय पातळ भाग घासून काढला जातो, जेणेकरून खालचा नितळ भाग उघडा पडावा. पॉलिश आणि कंपाउंड हे करतात, आणि बाजारात ‘पेंट क्लीनर’ या नावाने मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांमध्येही घासणारी बारीक पूड असते. पहिले काम वॅक्सपूर्वी दर वेळी करावेच लागते. दुसरे वर्षातून एकदा, फार तर दोनदा पुरते. तिसरे काम वेळापत्रकात कधीच बसवू नये. त्याची गरज डोळ्यांना दिसली तरच ते करावे.

याचे कारण रंगाच्या जाडीत आहे. कारखान्यातून येणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर विद्युतप्रक्रियेने बसवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगछटेचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरते आणि त्यांतला क्लिअर कोट अंदाजे ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे माणसाच्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. आपली चमक तिथेच असते आणि उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे संरक्षण करणारी द्रव्येही त्याच थरात मिसळलेली असतात. घासून गेलेला क्लिअर कोट वॅक्स लावून परत येत नाही, कारण वॅक्सचा थर मायक्रॉनच्या अंशाएवढा असतो.

जुन्या काळातील प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसडर ज्यांनी घासली असेल त्यांना आठवत असेल की, पॉलिश करताना फडक्यावर गाडीचा रंग उतरत असे. तो रंग पाहिला की हात आपोआप थांबायचा. क्लिअर कोट पारदर्शक असल्याने फडक्यावर काहीच उमटत नाही, आणि आपण थर झिजवत आहोत याची कोणतीही खूण मिळत नाही. माझ्या पाहण्यात बोनेटच्या कडा आणि दारांवरच्या उंचवट्याच्या रेषा सर्वांत आधी उघड्या पडलेल्या अनेक गाड्या आल्या, आणि त्यांचे मालक गाडीची हेळसांड करणारे नव्हते, तर गाडीवर जीव लावणारे होते. म्हणूनच मी हे आग्रहाने लिहीत आहे.

आता आपल्या शंकेबद्दल. भरपूर वंगण (म्हणजे क्ले घसरता ठेवणारे शाम्पूचे पाणी किंवा त्यासाठीचा फवारा) वापरून बारीक प्रतीचा क्ले सहा वेळा फिरवल्याने क्लिअर कोटची जाडी लक्षात येण्याइतकी कमी होत नाही. तथापि क्लेमध्ये अडकलेला कण रंगावर ओढला गेला की बारीक ओरखडा उमटतो आणि गडद निळ्या-काळ्या रंगांवर तो चटकन दिसतो. क्लेचे ओरखडे बहुधा हात ज्या दिशेने फिरला त्या दिशेने सरळ असतात. आपण वर्णन केलेल्या जाळ्यासारख्या रेषा मात्र मुख्यतः पुसण्यातून येतात, त्यामुळे दोन प्रश्न विचारतो. आपली गाडी रोज सकाळी कोणी फडक्याने पुसते का? आणि आपल्या पेंट क्लीनरच्या बाटलीवर बारीक ओरखडे काढण्याचा दावा छापलेला आहे का? तसा दावा असेल तर त्यात घासणारी पूड आहे असेच समजावे.


डोंबिवलीकर

वरील प्रतिसादातील बराचसा भाग मला मान्य आहे, परंतु ‘वर्षातून एकदा’ हा सल्ला सर्वांना लागू होईल असे मला वाटत नाही. माझी पांढरी गाडी रेल्वेमार्गापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. दिवसभर लोकलच्या आणि मालगाड्यांच्या चाकांतून आणि ब्रेकमधून झिजणारे लोखंड हवेत उडते, रंगावर बसते, आणि पावसाळी दमटपणात गंजून नारिंगी ठिपके तयार करते. पांढऱ्या रंगावर हे ठिपके तीन महिन्यांत दिसू लागतात. अशा पृष्ठभागावर वॅक्स लावणे म्हणजे घाण आत कोंडून वरून झाकण लावणे होय. वॅक्सला स्वच्छ पृष्ठभाग लागतो, हे दुकानदाराचे मूळ म्हणणे चुकीचे नाही. मी दर तीन महिन्यांनी वॅक्सपूर्वी क्ले फिरवतो आणि सात वर्षांनंतरही माझ्या गाडीचा रंग उत्तम आहे.


रंगखोली

आपली अडचण खरी आहे आणि रेल्वेजवळच्या गाड्यांचा तो अनुभव मी स्वतः घेतला आहे. म्हणूनच ‘एकदा’ म्हणजे ‘एकदाच’ असे मला म्हणायचे नव्हते. तथापि लोखंडाच्या कणांसाठी क्लेच्या आधी रसायन वापरावे, असे मी सुचवेन. ‘आयर्न रिमूव्हर’ नावाने मिळणाऱ्या फवाऱ्यात थायोग्लायकोलेट वर्गातील क्षार असतो, जो लोखंडाशी संयोग पावून ते पाण्यात विरघळण्याजोगे करतो. फवारल्यानंतर काही मिनिटांत जांभळे ओघळ दिसले की कण सुटत आहेत असे समजावे. त्याला उग्र, गंधकासारखा वास येतो, म्हणून मोकळ्या हवेत, हातमोजे घालून आणि सावलीत काम करावे. ते रंगावर वाळू न देता भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. दर तीन महिन्यांनी हे रसायन वापरले आणि क्ले केवळ जिथे बोटाला खरखर जाणवते तिथेच फिरवला, तर घर्षण बरेच कमी होते. पांढऱ्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत, ही गोष्टही ध्यानात घ्यावी. ते नसतातच असे नाही, पांढरा रंग त्यांना लपवतो.

जुना थर पूर्ण काढल्याखेरीज नवा थर धरत नाही, हे विधान अर्धेच खरे आहे. पेस्ट वॅक्समध्ये मेण मऊ ठेवण्यासाठी द्रावक मिसळलेला असतो. नवे वॅक्स जुन्या वॅक्सवर लावले की तो द्रावक जुन्या थराला काही अंशी विरघळवतो आणि दोन्ही एकजीव होतात. त्यामुळे नुकत्याच धुतलेल्या, हाताला नितळ लागणाऱ्या रंगावर त्याच वॅक्सचा दुसरा हात निर्धास्तपणे देता येतो. याच कारणाने दहा हात दिले तरी दहा थर साचत नाहीत. जुना थर मुद्दाम काढण्याची गरज तेव्हा पडते, जेव्हा आपण वॅक्सऐवजी सिंथेटिक सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग (कृत्रिम द्रव्यांचे, अधिक टिकणारे संरक्षक थर) लावणार असतो, कारण ती द्रव्ये थेट रंगावर बसावी लागतात.


रत्नागिरीची गाडी

मी रत्नागिरीत राहते. रंगखोली दादांनी कारणे सांगितली आहेत, मी ऋतूंचा हिशेब सांगते, कारण आमच्याकडे कॅलेंडरच्या महिन्यांपेक्षा पावसावरच सगळे ठरते.

कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो चार महिन्यांत पडतो. पाऊस स्वतः रंगाला त्रास देत नाही. त्रास होतो तो उडणाऱ्या चिखलाचा, खड्डे बुजवताना टाकलेल्या ओल्या डांबराचा आणि आठवडेच्या आठवडे न वाळणाऱ्या ओलाव्याचा. मी वर्षातून दोनदा रंगाची पूर्ण सफाई करते. पहिली मे महिन्याच्या मध्यास, पहिल्या वळवाच्या सरी येण्याआधी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी ताजा थर बसतो. दुसरी नवरात्र ते दिवाळी या काळात, जेव्हा चिखल संपलेला असतो आणि हवा पुरेशी कोरडी झालेली असते. या दोन्ही वेळी शाम्पू, मग डांबराचे ठिपके काढणे, मग लागेल तिथे क्ले आणि शेवटी वॅक्स असा क्रम असतो. मधल्या काळात, म्हणजे साधारण जानेवारीत आणि मार्चअखेरीस, केवळ धुऊन वॅक्स लावते. जुलै-ऑगस्टमध्ये काहीच करत नाही, कारण दमट हवेत वॅक्स नीट सुकत नाही आणि पुसताना पट्टे राहतात.

दोन गोष्टींसाठी मात्र वेळापत्रकाची वाट पाहू नये. आंब्याचा चीक आणि पक्ष्यांची विष्ठा. आंब्याचा चीक कातडीवर पडला तर भाजल्यासारखा डाग उठतो हे आम्हा सर्वांना लहानपणापासून माहीत आहे, तोच चीक एप्रिलच्या उन्हात तापलेल्या बोनेटवर दोन दिवस राहिला तर रंगात कायमचा वळ पडतो. पाण्याने भिजवलेले मऊ फडके डागावर पाच-दहा मिनिटे ठेवावे, डाग फुगला की घासल्याशिवाय उचलून घ्यावा, आणि त्या हातभर जागेवर लगेच वॅक्स लावावे. गुलमोहराच्या पडलेल्या पाकळ्या पावसात भिजून चिकटतात, त्यांचेही डाग असेच काढता येतील.

खाऱ्या वाऱ्याबद्दल पुष्कळ जण विचारतात. मीठ पाण्यात विरघळते, त्यामुळे त्यासाठी क्ले किंवा क्लीनर लागत नाही, आठवड्यातून एकदा साध्या गोड्या पाण्याने चाकांच्या कमानी आणि गाडीच्या खालच्या बाजूसह धुणे पुरते.


कर्वेनगरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विचारलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देतो. होय, आमच्या आवारात एक जण रोज पहाटे सर्व गाड्या पुसतात. त्यांच्याकडे एक बादली आणि एकच फडके असते, आणि त्याच पाण्यात ते दहा-बारा गाड्या करतात. आणि होय, बाटली आज पुन्हा वाचली, त्यावर बारीक ओरखडे आणि निस्तेजपणा घालवण्याचा उल्लेख आहे. म्हणजे मी वर्षातून सहा वेळा, नकळत का होईना, पॉलिश करत होतो.

आज गाडी धुऊन, पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून संपूर्ण गाडीवरून बोटे फिरवून पाहिली, कारण ही चाचणी मी पूर्वी कुठेतरी ऐकली होती. टप, बोनेट आणि वरची दारे काचेसारखी नितळ आहेत. मागच्या चाकांच्या पुढे-मागे, दारांच्या खालच्या हातभर पट्ट्यात आणि डिकीच्या उभ्या भागावर मात्र स्पष्ट खरखर जाणवते. डिकीवर पांढरट गोल डागही आहेत, बहुधा टँकरच्या पाण्याचे. आणखी एक गोष्ट सांगायची राहिली: मागचे डावे दार दुचाकीच्या धक्क्याने चेपले होते, ते तीन आठवड्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये दुरुस्त करून पुन्हा रंगवून घेतले आहे. त्यावरही इतर भागाबरोबर वॅक्स लावावे का?

वॅक्स टिकले आहे की नाही, हे पाण्याचे थेंब गोल राहतात का यावरून ठरवावे असे म्हणतात. माझ्या बोनेटवर तर तीन आठवड्यांतच थेंब पसरू लागतात.


रंगखोली

आपण पिशवीची चाचणी केलीत हे उत्तम झाले. वॅक्सपूर्वी रंग किती वेळा साफ करावा याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर तीच चाचणी देते, आणि गाडीच्या प्रत्येक भागासाठी वेगळे देते. टप आणि बोनेट नितळ आहेत, म्हणून तिथे या वेळी क्ले नको आणि क्लीनरही नको. दारांचा खालचा पट्टा चाकांनी उडवलेल्या डांबराने आणि ब्रेकच्या धुळीने खरखरीत झाला आहे, तिथेच काम करावे.

डांबराच्या ठिपक्यांसाठी टार रिमूव्हर वापरावा. आपल्याकडे सर्रास रॉकेल वापरले जाते, आणि फडक्याच्या कोपऱ्यावर थोडेसे घेऊन ठिपका मऊ केला तर कारखान्यातल्या रंगाला धोका नसतो, पण ते रबरी पट्ट्यांना लागू देऊ नये आणि लगेच शाम्पूने धुवावे. पेट्रोल वापरू नये, ते पेट घेते. थिनरचा तर विचारही करू नये, विशेषतः दुरुस्त केलेल्या दाराच्या आसपास, कारण गॅरेजमधला रंग त्याने सरळ उतरू शकतो. डांबर निघाल्यावर क्ले घ्यावा. १०० ग्रॅमच्या वडीचे चार तुकडे करावेत, एका वेळी फूट-दीड फुटाची जागा घ्यावी, ती वंगणाने ओली ठेवावी, बोटांचा दाब न देता सरळ रेषेत पुढे-मागे फिरवावे आणि खरखर थांबली की आपणही थांबावे. क्ले वारंवार दुमडून स्वच्छ बाजू वर आणावी. तो जमिनीवर पडला तर फेकून द्यावा, तो कितीही नवा असो.

पांढरट डाग बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियमचे असतात. पांढरे व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात मिसळून, गाडी सावलीत आणि थंड असताना, भिजवलेले फडके मिनिटभर डागावर ठेवावे आणि धुऊन टाकावे. तेथील वॅक्स जाईल, तेव्हा पुन्हा लावावे. त्यानंतरही डागाची कड राहिली, तर क्षाराने रंग कोरला आहे असे समजावे, तिथे फक्त पॉलिशचा उपयोग होतो, आणि तो डाग डोळ्यांना खुपत नसेल तर मी हात लावणार नाही. यापुढे धुतल्यावर पाणी गाडीवर वाळू देऊ नये. शेवटचे दोन तांबे पाणी फिल्टरचे मिळाले तर फारच उत्तम.

थेंबांची कसोटी घेताना एक खबरदारी घ्यावी. रहदारीतला तेलकट थर वॅक्सवर बसला की थेंब पसरतात, पण वॅक्स खाली शाबूत असू शकते. शाम्पूने नीट धुतल्यावर थेंब पुन्हा गोल होतात का ते पाहावे. झाले, तर वॅक्सही नको. पुण्याच्या उन्हात उघड्यावरच्या गाडीवर कार्नोबा सुमारे दीड-दोन महिने टिकते, त्यामुळे दोन महिन्यांचे आपले अंतर ठीक आहे.

गोल रेषांबद्दल माझे मत असे की, रोजचे पुसणे आजपासून बंद करावे. पहाटे गाडीवर पडलेली धूळ म्हणजे बारीक वाळू असते आणि ती कोरड्या किंवा अर्धवट ओल्या फडक्याने गोल फिरवली की त्याच रेषा उमटतात. पुसणाऱ्या भाऊंना पगार तोच ठेवून केवळ काचा आणि आतील भाग साफ करण्यास सांगावे, त्यांचा रोजगार जाऊ नये. स्वतः धुताना दोन बादल्या घ्याव्यात, एक शाम्पूची आणि एक हातमोजा खळबळण्यासाठी साध्या पाण्याची. पेंट क्लीनरची बाटली बाजूला ठेवावी. रेषा फारच खटकल्या तर वर्षभरानंतर एकदा, एखाद्या जाणत्या माणसाकडून, आधी जाडी मोजून मशीनवर हलके पॉलिश करून घ्यावे. जाडी मोजण्याचे यंत्र क्लिअर कोट वेगळा दाखवत नाही, ते सर्व थरांची बेरीज दाखवते, म्हणून मोजणाऱ्याने टप, बोनेट आणि दाराच्या आतील चौकट अशा वेगवेगळ्या जागांचे आकडे ताडून पाहणे आवश्यक आहे.

रंगवलेल्या दारावर सध्या काहीही लावू नये. कारखान्यात रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो, तर गॅरेजमध्ये तो साधारण ६० अंशांवर किंवा नुसत्या हवेत सुकवला जातो आणि त्यातील द्रावक पुढे कित्येक आठवडे हळूहळू बाहेर पडत राहतो. वरून मेणाचा थर बसला तर तो अडतो आणि रंग मऊ राहू शकतो. रंग दिल्याच्या तारखेपासून किमान ६० दिवस त्या दारावर क्ले, क्लीनर, वॅक्स यांपैकी काहीच नको. केवळ पाणी आणि सौम्य शाम्पू चालेल, पक्ष्याची विष्ठा पडली तर त्याच दिवशी धुवावी. गॅरेजमध्ये विचारून रंग भट्टीत सुकवला की हवेवर, हे कळवलेत, तर नेमके किती दिवस थांबावे ते सांगतो.


कर्वेनगरकर

गॅरेजमध्ये विचारले. त्यांच्याकडे भट्टी नाही, दार हवेवर सुकवले आहे.


रंगखोली

मग ९० दिवस थांबावे. या दोन महिन्यांच्या फेरीत बाकी गाडीला वॅक्स लावताना त्या दाराच्या कडांना कागदी चिकटपट्टी लावून घ्यावी, म्हणजे शेजारच्या दारावरचे वॅक्स चुकून त्यावर येणार नाही. मात्र ती पट्टी नव्या रंगावर न चिकटवता शेजारच्या जुन्या रंगावर चिकटवावी.